सेव्ह केलं की फाईल नाचते! फॉरमॅटर नीट कसा लावायचा?

अर्धविराम
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतेय. ऑफिसच्या लॅपटॉपवरून इथे येता येत नाही, मोबाईलवर टाईप करतेय, त्यामुळे सेटिंग्जची नावं पण देवनागरीतच येतील, गोड मानून घ्या.

नवीन टीममध्ये येऊन तीन आठवडे झालेत. रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमधलं वेबचं काम, कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड. काल एका स्क्रीनवरच्या बटणांचा मराठी मजकूर बदलला, धरून चाला तीन ओळी. पीआर (बदल तपासून घ्यायची विनंती) टाकला तर डिफमध्ये (काय बदललं त्या यादीत) ४१२ ओळी लाल-हिरव्या! अख्खी फाईल दोन स्पेसची चार स्पेस झालेली. आमच्या सिनियरने खाली एकच वाक्य लिहिलं, "यात तुझा बदल कुठला ते सांग, मी शोधून दमलो." सगळ्या टीमसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता काय काय केलंय ते सांगते. प्रेटिअरचं (कोडची मांडणी एकसारखी करणारा फॉरमॅटर) एक्स्टेन्शन टाकलंय, फॉरमॅट ऑन सेव्ह चालू आहे, रिपोमध्ये (टीमच्या सामायिक कोडच्या फोल्डरमध्ये) प्रेटिअर-आरसी फाईल आधीपासून आहे आणि त्यात टॅबविड्थ २, सिंगलकोट ट्रू (म्हणजे दोन स्पेस आणि सिंगल कोट). रिपोच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये जी सेटिंग्ज डॉट जेसन आहे तिच्यातही डिफॉल्ट फॉरमॅटर म्हणून प्रेटिअरच लिहिलाय. बाकी पाच जणांकडे सगळं सुरळीत, माझ्याचकडे चार स्पेस. सध्या सेव्ह करायच्या आधी देवाचं नाव घेते आणि नंतर कंट्रोल झेड.

कुठे चुकतंय?

शेवचिवडा
रिस्टार्ट केलं का?

अर्धविराम
केलं हो. एडिटर, लॅपटॉप, राऊटर, सगळं करून झालं. आता मीच राहिलेय.

फुकटचा_सल्ला
एक्स्टेन्शन काढून परत टाक. माझं एकदा असंच झालं होतं, काढून टाकलं आणि चालायला लागलं. का ते विचारू नकोस.

टॅबवाला
रोग वेगळाच आहे, तुम्ही स्पेस वापरता. टॅब वापरा, मग ज्याला दोन हवेत त्याने दोन बघावं, ज्याला आठ हवेत त्याने आठ, फाईल तीच राहते. आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याची नजर अधू आहे, तो अक्षरं एवढी मोठी करून काम करतो की चार स्पेसच्या चार पायऱ्या आत गेलं की कोड स्क्रीनच्या बाहेर. टॅब असला की तो रुंदी १ करून निवांत बसतो. हे कारण ऐकल्यापासून मी स्पेसवाल्यांशी वाद घालणंच सोडलं.

शेवचिवडा
@टॅबवाला, सोडलं म्हणता आणि चौथ्या प्रतिसादात हजर.

टॅबवाला
मूळ पोस्ट धरून पाचवा होता. नीट मोजा. बहुतेक स्पेस मोजून मोजून सवय गेली असेल.

रिकामा_कंस
अर्धविराम, एक शक्यता. ऑटोसेव्ह चालू आहे का आणि ते 'आफ्टर डिले'वर आहे का? कारण त्या मोडमध्ये फाईल आपोआप सेव्ह होते पण फॉरमॅट होत नाही, स्वतः कंट्रोल एस दाबलं तरच होतं. सेटिंगच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय आणि ते कोणी वाचत नाही. मी दोन दिवस प्रेटिअरला शिव्या घातल्या होत्या, नंतर कळलं मी गेलं वर्षभर कंट्रोल एस दाबलेलंच नाही.

अर्धविराम
@रिकामा_कंस ऑटोसेव्ह बंद आहे. आणि माझं दुखणं उलटं आहे ना, फॉरमॅट होत नाही असं नाही, *होतंय*, पण चुकीचं.

जुनं_खोड
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. युनिक्सवर इंडेंट नावाची कमांड होती, ती चालवली की काम झालं, आणि नाही चालवली तर हाताने स्पेसबार. कोड कसा दिसावा यावर भांडायला माणसं समोरासमोर बसायची, चहा व्हायचा.

एक गोष्ट मात्र तुम्हा पोरांना सांगतो. तुमचा प्रेटिअर ८० अक्षरांनंतर ओळ मोडतो ना, ते ८० कुठून आले माहीत आहे का? आयबीएमने १९२८ मध्ये ८० कॉलमचं पंचकार्ड काढलं. कार्डं गेली, टर्मिनल आले तेही ८० कॉलमचे. आता तुमच्याकडे टेबलाएवढे मॉनिटर, तरी ओळ ८० लाच मोडते. आजोबांच्या धोतराच्या मापाने नातवाची पँट शिवायची असा प्रकार आहे.

अजगरपाळ
@जुनं_खोड काका, पायथॉनवाले त्यातही वेगळे. पेप ८ (पायथॉनची शैलीची नियमावली) म्हणतं ७९. मग २०१८ मध्ये ब्लॅक नावाचा फॉरमॅटर आला आणि म्हणाला ८८. का तर ८० पेक्षा दहा टक्के जास्त दिले की फाईल बरीच आखूड होते. लिनक्स कर्नलवाल्यांनी २०२० मध्ये त्यांच्या तपासणीच्या स्क्रिप्टमधली ताकीद ८० वरून १०० वर नेली. म्हणजे पँट हळूहळू सैल होतेय.

आणि पायथॉनवर काम करणाऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर आधीच सांगतो. जुन्या ब्लॉगांवर 'पायथॉन डॉट फॉरमॅटिंग डॉट प्रोव्हायडर' ही सेटिंग लिहायला सांगतात, ती आता मेलेली आहे. २०२३ मध्ये फॉरमॅटिंग मुख्य पायथॉन एक्स्टेन्शनमधून काढलं. ब्लॅकचं किंवा रफचं वेगळं एक्स्टेन्शन टाकायचं आणि मग चौकोनी कंसात पायथॉन लिहून त्याच्या आत डिफॉल्ट फॉरमॅटर द्यायचा. गूगलवर अजूनही पहिल्या पानावर जुनंच येतं. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी एक नवीन मुलगा त्या खड्ड्यात पडतो, आम्ही कडेला उभे राहून बघतो.

म्युनिकचा_मोरू
हे सगळं वाचून करमणूक झाली. मी गो भाषेत लिहितो. तिचा फॉरमॅटर गोएफएमटी भाषेबरोबरच येतो, त्यात टॅब की स्पेस हा प्रश्नच नाही (टॅब आहेत, टॅबवाल्यांनी पेढे वाटावेत), कॉन्फिग फाईल नाही, सेटिंग नाही. दिसायला मला स्वतःला फार आवडतो असं नाही, पण आवडीनिवडीचा विषयच मिटवून टाकलाय. लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं, पानात जे पडेल ते जेवायचं.

इथे जर्मन सहकाऱ्यांना नियमाची एवढी हौस, पण गोच्या कोडवर आजवर एक शब्द वाद झालेला नाही. तेच लोक फ्रंटएंडच्या रिपोमध्ये सेमीकोलनवरून तासाची मीटिंग घेतात.

अर्धविराम
सेमीकोलनवर मीटिंग?? आयडी बदलून म्युनिकला येते.

सोल्डरिंगवाला
फॉरमॅटर कोडचा *अर्थ* बदलत नाही असं सगळे छातीठोकपणे सांगतात, म्हणून एक अनुभव. मी सी प्लस प्लस वर, विंडोजच्या एका टूलवर होतो. नवीन उत्साही मॅनेजर आला, म्हणाला क्लँग-फॉरमॅट हा फॉरमॅटर लावा. लावला. बिल्ड धाडकन आडवं. दोनशेच्या वर एरर, सगळ्या सॉकेटच्या, आणि कोडची एक ओळ कोणी बदललेली नाही.

झालं काय, तर क्लँग-फॉरमॅट इन्क्लूडच्या (दुसऱ्या फाईली आत ओढणाऱ्या) ओळी अक्षरक्रमाने लावतो. आमच्याकडे विनसॉक२ डॉट एच आधी आणि विंडोज डॉट एच नंतर होतं, आणि ते तसंच लागतं, नाहीतर विंडोज डॉट एच स्वतःच जुनं विनसॉक ओढून आणतं आणि दोघांची मारामारी होते. अक्षरक्रमात डी आधी, एस नंतर. झाली अदलाबदल.

उपाय साधा होता. मध्ये एक रिकामी ओळ सोडली की तो दोन वेगळे गठ्ठे समजतो आणि गठ्ठ्यातल्या गठ्ठ्यातच क्रम लावतो. किंवा सॉर्टइन्क्लूड्स बंद करायचं. पण हे कळेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले आणि मॅनेजर साडेसहालाच घरी गेलेला.

फुकटचा_सल्ला
@सोल्डरिंगवाला आणि ती रिकामी ओळ पुढे कोणीतरी "उगाच आहे" म्हणून काढणार.

सोल्डरिंगवाला
काढली. पुढच्याच महिन्यात. आता तिथे मोठ्या अक्षरात कॉमेंट आहे, मराठीत, थोडी असभ्य.

ढगात_गेलेला
नाव बघून घाबरू नका, क्लाउडवर काम करतो एवढंच.

फॉरमॅट ऑन सेव्ह सरसकट सगळ्या फाईलींना लावू नका ही माझी कळकळीची विनंती. हेल्मच्या (क्लाउडवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) टेम्प्लेट फाईली दिसतात यामल (सेटिंगच्या फाईलींचा एक प्रकार) सारख्या, पण त्यात दुहेरी महिरपी कंस असतात. प्रेटिअर ते यामल समजून वाचतो आणि दोन कंसांच्या मध्ये स्पेस घालून ठेवतो. दिसायला किती सुबक! हेल्म मात्र बोंबलतो. प्रेटिअर-इग्नोर फाईलमध्ये तो टेम्प्लेट्सचा फोल्डर टाकला की सुटका.

उलट_तपासणी
अर्धविराम, बाकीचे पंचकार्डावर पोचलेत, आपण तुझ्या फाईलकडे परत येऊ. तीन गोष्टी करून बघ आणि इथे लिही.

एक. जावास्क्रिप्टच्या फाईलमध्ये मुद्दाम एक स्ट्रिंग डबल कोटमध्ये लिही, सेव्ह कर. सिंगल होते का?
दोन. त्याच रिपोतली एखादी सीएसएस (पानाच्या रंगरूपाची) फाईल थोडी वाकडी करून सेव्ह कर. काय होतं?
तीन. खालच्या आऊटपुट पॅनेलमध्ये उजवीकडच्या यादीतून प्रेटिअर निवड आणि दोन्ही फाईली एकेकदा सेव्ह कर. कुठल्या वेळी ओळी पडतात?

अर्धविराम
ताई (की दादा?), लंच ब्रेकमध्ये करून बघितलं. कोट डबलचे डबलच राहिले, ढिम्म हलले नाहीत. एक लांबलचक ओळ होती तीही मोडली नाही, हे मला आत्ता जाणवलं. सीएसएस मात्र एकदम शहाण्या बाळासारखी, दोन स्पेस. आणि आऊटपुटमध्ये सीएसएसला तीन-चार ओळी पडल्या, जावास्क्रिप्टला शुकशुकाट.

उलट_तपासणी
ताईच. मग चोर सापडला म्हणायला हरकत नाही. तुझ्या जावास्क्रिप्टला प्रेटिअर हातच लावत नाहीये. प्रेटिअर असता तर कोट बदलले असते आणि लांब ओळ मोडली असती, ते केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नुसतं इंडेंट सरळ करणारा आणि कोटांना न शिवणारा म्हणजे व्हीएस कोडमध्ये मुळातच असलेला, टाईपस्क्रिप्टच्या सोयींबरोबर येणारा फॉरमॅटर. तू इतका वेळ भलत्याच माणसाला जाब विचारतेयस.

आता जावास्क्रिप्ट फाईलमध्ये राईट क्लिक, 'फॉरमॅट डॉक्युमेंट विथ' निवड. जी यादी येते तिच्यात 'डिफॉल्ट' असं कुणाच्या पुढे लिहिलंय ते बघ. आणि मग तुझी *स्वतःची* सेटिंग्ज डॉट जेसन उघड, रिपोतली नाही, युजरवाली. तिच्यात चौकोनी कंसात जावास्क्रिप्ट असं काही आहे का शोध.

अर्धविराम
आता डेमो आहे, संध्याकाळी बघून सांगते. हात शिवशिवतायत पण.

सोसायटीचा_सेक्रेटरी
थोडं अवांतर. मी कोडर नाही, बँकेतून निवृत्त. मुलाने व्हीएस कोड शिकवलं आणि मार्कडाऊन (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायची पद्धत) शिकवलं, म्हणाला बाबा वर्डपेक्षा हे बरं. सोसायटीची इतिवृत्तं, नोटिसा सगळं त्यात. गणपतीच्या आधी आरत्यांची पुस्तिका केली, छान दिसत होती. मग कुठेतरी वाचून 'ट्रिम ट्रेलिंग व्हाईटस्पेस' नावाचं एक सेटिंग चालू केलं, म्हटलं स्वच्छता असावी. छापून आणली तर प्रत्येक आरतीचं कडवं म्हणजे सलग एक परिच्छेद! चारही ओळी एका दमात. पहिल्या दिवशी बायका पुस्तिका बघून म्हणायला गेल्या आणि श्वास कुठे घ्यायचा तेच कुणाला कळेना.

मुलाला फोन केला तेव्हा कळलं, मार्कडाऊनमध्ये ओळीच्या शेवटी दोन स्पेस असल्या तर खालची ओळ खाली राहते, आणि मी त्याच स्पेस झाडून काढल्या होत्या.

रिकामा_कंस
@सेक्रेटरी काका, दंडवत. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. चौकोनी कंसात मार्कडाऊन लिहून त्यापुरतं ते सेटिंग फॉल्स करा, बाकी फाईलींना चालू राहू दे. एडिटरकॉन्फिग (अनेक एडिटर वाचतात ती मांडणीची फाईल) वापरत असाल तर तिथेही एमडी फाईलींसाठी वेगळा भाग करता येतो.

सोसायटीचा_सेक्रेटरी
मुलाने केलं तसंच. पुस्तिका मात्र ८० छापल्या होत्या, त्या वाटून संपवल्या.

ओवी_आणि_लूप
मार्कडाऊनचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मी कागदपत्रं मराठीत लिहिते, त्यात तक्ते असतात. प्रेटिअर तक्त्याचे उभे दांडे एकाखाली एक आणायला जीव तोडून स्पेस भरतो. इंग्रजीत शिस्तीत कवायत, मराठीत दांडे गावभर. कारण 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटरच्या हिशोबी म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच आहेत. त्यात जोडाक्षरं आली की कुणाचाच हिशोब लागत नाही, आणि एडिटरमधला देवनागरी फॉन्ट बहुतेकदा एकसमान रुंदीचा नसतोच, त्यामुळे फॉरमॅटरने अगदी अचूक मोजलं तरी डोळ्याला वाकडंच. मी तक्त्याच्या वर प्रेटिअर-इग्नोर अशी कॉमेंट टाकते आणि दांड्यांकडे बघणं सोडून देते.

टॅबवाला
@ओवी_आणि_लूप टॅब वापरून बघा.

ओवी_आणि_लूप
तुम्हाला पोटदुखीवर पण टॅबच सुचत असेल.

शुक्रवार_संध्याकाळ
माझं नाव का असं आहे ते सांगतो. अडीच वर्षांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी, मी उत्साहाच्या भरात अख्ख्या रिपोवर प्रेटिअर चालवला आणि मर्ज केला. त्या दिवसापासून कुठलाही बग निघाला आणि कोणी गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) मारलं की प्रत्येक ओळीवर माझं नाव. २०१७ सालच्या ओळींवर सुद्धा. मी तेव्हा बारावीत होतो! प्रॉडक्शन पडलं की पहिला फोन मला.

उपाय आहे पण मला दीड वर्षाने कळला. त्या कमिटचा (साठवलेल्या बदलाचा) लांब नंबर गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज नावाच्या फाईलमध्ये टाकायचा (नावाच्या आधी टिंब), आणि कॉन्फिगमध्ये ब्लेम डॉट इग्नोररेव्हजफाईलला ती फाईल दाखवून द्यायची. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे हे. गिटहब तर त्या नावाची फाईल मुळाशी दिसली की आपणहून मान देतो. फक्त एक अट, त्या कमिटमध्ये *निव्वळ* फॉरमॅटिंग हवं. मी त्यात जाता जाता दोन बग पण सुधारले होते, ते आता कायमचे झाकले गेलेत.

जुनं_खोड
बारावीतला मुलगा प्रॉडक्शन पाडतो. प्रगती आहे.

चावीवाला
सगळे एडिटरच्या मागे लागलेत, माझं मत वेगळं. एडिटरवर भरवसा ठेवूच नका. एक व्हीएस कोडवाला, एक जेटब्रेन्सवाला, एक तो व्हिमवाला जो जेवतानाही व्हिमबद्दल बोलतो. प्रत्येकाच्या घरी जाऊन सेटिंग तपासणार का? हस्की आणि लिंट-स्टेज्ड लावा, कमिट करताना बदललेल्या फाईलींवरच प्रेटिअर चालेल, आणि सीआयमध्ये (सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीत) प्रेटिअर डॅश डॅश चेक. ज्याची फाईल वाकडी त्याचा पीआर लाल. सिनियरला टोमणे मारायची गरजच उरत नाही.

आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये प्रेटिअरची आवृत्ती पक्की लिहा, पुढचं ते टोपीचं चिन्ह (जे नवी आवृत्तीही चालवून घेतं) काढा. आवृत्ती ३ मध्ये, २०२३ ला, शेवटच्या स्वल्पविरामाचा डिफॉल्ट 'ऑल' झाला. आमच्यातला एक जण २ वर, बाकी ३ वर, आणि फंक्शनच्या शेवटच्या आर्ग्युमेंटपुढचा एकच स्वल्पविराम रोज सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. ऑफिसच्या बससारखा.

व्हिमवाला_जेवताना_सुद्धा
उल्लेखाबद्दल आभारी आहे. निओव्हिमवर कन्फॉर्म नावाचा प्लगिन घ्या, भाषेपुढे फॉरमॅटरचं नाव लिहा, संपलं. एकच, फॉरमॅट ऑन सेव्हला मुदत असते, त्यांच्या नमुन्यात ५०० मिलिसेकंद आहे. जावाचा फॉरमॅटर जेव्हीएम उठून, तोंड धुऊन येईपर्यंत ती मुदत संपलेली असते आणि वाटतं चालतच नाहीये. तिथे दोन-तीन हजार द्या.

रिकामा_कंस
@चावीवाला हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणारी तपासणी) असावा हे मान्य, पण हुक लागला की लोक डॅश डॅश नो-व्हेरिफाय (ती तपासणी टाळायचा पर्याय) शिकतात. आमच्याकडे तर एकाने त्याचा शॉर्टकट करून ठेवलाय. आणि एडिटरमध्ये सेव्हबरोबर फॉरमॅट होण्याचा फायदा वेगळाच असतो, कंस चुकला असेल तर फाईल हलत नाही, तिथेच कळतं की काहीतरी गडबड आहे. मी तर फॉरमॅट झालं नाही की आधी कंसच मोजतो.

चावीवाला
म्हणूनच सीआय म्हटलं. तिथे नो-व्हेरिफाय चालत नाही. बाकी आयडीला साजेसं बोललात.

अर्धविराम
आले आले! सापडलं!! उलट_तपासणी ताई, साष्टांग नमस्कार.

'फॉरमॅट डॉक्युमेंट विथ'मध्ये टाईपस्क्रिप्ट अँड जावास्क्रिप्ट लँग्वेज फीचर्स, आणि त्याच्यापुढे डिफॉल्ट. माझ्या स्वतःच्या सेटिंग्ज डॉट जेसनमध्ये अगदी तळाला चौकोनी कंसात जावास्क्रिप्ट, आत डिफॉल्ट फॉरमॅटर म्हणून तेच. वर टॅबसाईज ४ आणि डिटेक्ट इंडेंटेशन फॉल्स. हे मी कधी लिहिलं म्हणून आठवत बसले, तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका यूट्यूब व्हिडिओवरून अख्खं सेटिंग कॉपी केलं होतं! आणि नवीन ऑफिसचा नवाकोरा लॅपटॉप, त्यात ते आलं कुठून? पहिल्याच दिवशी मी लॉगिन करून सेटिंग्ज सिंक चालू केलं होतं. कॉलेजची घाण चार वर्षांनी वाजतगाजत घरी आली.

एक कळलं नाही पण. रिपोतल्या सेटिंगमध्ये प्रेटिअर लिहिलाय, आणि वर्कस्पेसचं (म्हणजे रिपोतलं) सेटिंग युजरच्या सेटिंगवर भारी असतं ना? मग माझं का जिंकलं?

उलट_तपासणी
इथेच सगळे पडतात. वर्कस्पेस युजरवर भारी, बरोबर. पण एखाद्या भाषेसाठी म्हणून चौकोनी कंसात लिहिलेलं सेटिंग हे सरसकट लिहिलेल्या सेटिंगवर मात करतं, मग ते कुठल्याही पातळीवर लिहिलेलं असो. तुमच्या रिपोत नुसतं 'सगळ्यांसाठी प्रेटिअर' आहे. तुझ्याकडे 'जावास्क्रिप्टसाठी हा' असं नाव घेऊन लिहिलंय. सोसायटीने बोर्ड लावला 'गाड्या इथे लावा', पण तुझ्या नावाने खास पार्किंग आधीच आखलेलं, मग वॉचमन तुला तिकडेच पाठवणार. सीएसएसच्या नावाने तू काही लिहिलं नव्हतंस म्हणून ती शहाण्यासारखी वागली.

आणि दोनाचे चार झाले ते डिटेक्ट इंडेंटेशन बंद असल्यामुळे. ते चालू असतं तर एडिटरने फाईल बघून दोन ओळखले असते आणि हा चुकीचा फॉरमॅटर तुला कदाचित वर्षभर कळलाही नसता.

तुझ्याकडून तो भाग उडव. आणि टीमला सांग, रिपोतल्या सेटिंगमध्ये चौकोनी कंसात जावास्क्रिप्ट, जावास्क्रिप्टरिअ‍ॅक्ट, टाईपस्क्रिप्ट, टाईपस्क्रिप्टरिअ‍ॅक्ट अशी चारही नावं घेऊन प्रेटिअर लिहा. दोन्हीकडे भाषेचं नाव असलं की मग वर्कस्पेस जिंकतं. उद्या येणाऱ्या मुलाने कुठला व्हिडिओ बघितला असेल सांगता येत नाही.

अजगरपाळ
आयला. आत्ता उठून माझी सेटिंग बघितली, चौकोनी कंसात पायथॉन आणि आत ऑटोपेप८. जुनंच. म्हणजे रफ लावून वर्ष झालं असं मी सगळ्यांना सांगतोय ते...

शेवचिवडा
@अजगरपाळ खड्ड्याच्या कडेला उभे राहून बघणारे तुम्हीच ना?

अजगरपाळ
आतून जागा बरी आहे.

फुकटचा_सल्ला
मी म्हटलं होतं, काहीतरी काढून टाकलं की चालतं. काय काढायचं एवढंच चुकलं.

म्युनिकचा_मोरू
परत एकदा सांगतो, गोमध्ये हा धागा निघालाच नसता.

सोसायटीचा_सेक्रेटरी
पार्किंगचं उदाहरण अचूक. आमच्याकडे अगदी हीच केस चालू आहे.

अर्धविराम
शेवटचं अपडेट. तो भाग उडवला, फाईल पूर्वपदावर आणली, पीआर परत टाकला. डिफमध्ये बरोब्बर तीन ओळी. रिपोच्या सेटिंगचा वेगळा पीआर पण टाकला, तो लगेच मर्ज झाला, आणखी दोघांकडे तोच घोळ निघाला, ते इतके दिवस गुपचूप हाताने स्पेस काढत होते!

तीन ओळींच्या पीआरवर सिनियरची कॉमेंट दहा मिनिटांत आली. "छान. आता दिसलं. दुसऱ्या बटणावर 'रद्ध' लिहिलंयस, 'रद्द' कर."

शेवचिवडा
४१२ ओळींतच बरी होतीस.